इथे आत्ता रात्र आहे

रविवारी कारखाना बंद असतो, म्हणून बैठक तिथेच ठरली. घरी बसलं की माई मधूनच उठून काहीतरी आवरायला लागायच्या, त्यांच्या थोरल्या मुलाला फोन यायचे, आणि विषय जिथे सुरू झाला तिथेच भिजत पडायचा. कारखान्यात निदान पळून जायला जागा नव्हती. शटर अर्धं वर केलेलं, कापड कापायच्या लांबलचक टेबलाभोवती स्टुलं मांडलेली, आणि टेबलाच्या मधोमध नानांनी पडद्यांच्या एका मोठ्या कंपनीकडून आणलेला करार. पंख्याने उडू नये म्हणून त्यावर आप्पांची मोठी कात्री ठेवली होती.

नाना सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. आयुष्यभर त्यांनी या कारखान्याचे पडदे दुकानादुकानांतून विकले. थोरले भाऊ आप्पा कापणार, शिवून घेणार. धाकटे नाना बॅग उचलून निघणार. लग्न राहून गेलं ते गेलंच. दुकानदार हेच त्यांचं गणगोत. नाना दुकानात शिरले की खुर्ची पुढे यायची, चहा यायचा, घरच्या चौकशा व्हायच्या. आणि हेच नाना अलीकडे दुकानाची पायरी चढायच्या आधी घसा खाकरून घ्यायला लागले होते. कारण बॅगेत आता पडद्यांच्या खाली पुतणीने केलेली ती वस्तू असायची.

रात्रखोली. नाव चिमणीनेच ठेवलेलं. चिमणी म्हणजे आप्पा आणि माईंची मुलगी. बोलायला लागली ती थांबलीच नाही म्हणून चिमणी, आणि तिशी ओलांडली तरी चिमणीच. रात्रखोली एका चपट्या खोक्यात यायची. खिडकीच्या चौकटीला चारी बाजूंनी घट्ट चिकटणारा तीन थरांचा जाडजूड पडदा, दाराखालच्या फटीत सारायची भरीव पट्टी, दारावरच्या घंटीचा आवाज दाबणारी टोपी, आणि बाहेर अडकवायची एक पाटी. पाटीवर लिहिलेलं, ‘इथे आत्ता रात्र आहे’. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माणसाला भर दिवसा झोपता यावं, एवढंच त्या खोक्याचं काम.

सुरुवात घरातच झाली होती. थोरला म्हणजे चिमणीचा भाऊ, आणि त्याची बायको इस्पितळात नर्स. घरात सगळे त्यांना नर्सबाईच म्हणत. सकाळी येऊन त्या आडव्या व्हायच्या, आणि तासाभरात उठून बसायच्या. कधी उन्हाची तिरीप डोळ्यांवर, कधी शेजारचं ठोकाठोकीचं काम, कधी दारात कुरिअरवाला. एकदा ओट्यापाशी उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला आणि उकळतं पाणी हातावर सांडलं. त्याच आठवड्यात चिमणीने याच टेबलावर पहिला नमुना शिवला. ती तेव्हा एका बड्या कंपनीत नोकरी करत होती. महिन्याभरात ती नोकरी सोडून आली आणि कारखान्याची मागची बाजू तिने ताब्यात घेतली.

नानांचा तिच्यावर जीव होता. पण दुकानदार खोकं उघडून, उलटंपालटं करून विचारायचे, “नाना, हे नक्की आहे तरी काय?” आणि नानांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागायचं.

“वाचलंत सगळ्यांनी?” थोरल्याने विचारलं. तो मालवाहतुकीच्या ऑफिसात होता. बैठक कशी चालवायची हे आपल्याला कळतं असा त्याचा समज होता.

“मी एक कलम वाचलं,” चिमणी म्हणाली. “पुढचं वाचायची गरज पडली नाही.”

कलम साधं होतं. पडद्यांची ती मोठी कंपनी कारखान्यातला सगळा माल घेणार, पाच वर्षं. पण तो ‘जाड पडदा’ म्हणून, त्यांच्या नावाने विकला जाणार. दाराची पट्टी नाही, घंटीची टोपी नाही, पाटी नाही. आणि रात्रखोली या नावाने किंवा तशा कामासाठी घरातल्या कुणीही, कुठेही, काहीही विकायचं नाही.

“अगं, पण आहे तो पडदाच ना?” थोरला म्हणाला. “खिडकीला लावतात, कापडाचा असतो. त्याला पडदा नाही म्हणायचं तर काय गलबत म्हणायचं?”

“तुझ्या बायकोने त्या वेळी किती पडदे बदलले, आठवतंय? सगळे आपल्याच कारखान्यातले. आली झोप तिला? तिला पडदा नकोच होता, दादा. तिला झोप हवी होती. ती कुठल्या दुकानात मिळते सांग बरं.”

“औषधाच्या.”

“बघ! ती औषधाच्या दुकानात जाऊन गोळ्या मागत होती. आणि तू मला सांगतोयस, पडद्यांच्या रांगेत जाऊन उभी राहा. पडदा म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या पडद्याचा भाव बघणार. मग आपण महागच ठरणार. कितीही चांगलं केलं तरी आपण महागडा पडदा. मला चांगला पडदा करायचाच नाहीये.”

आप्पा कात्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले होते. माई म्हणाल्या, “बाई गं, तुला काय करायचंय ते कळतंय. पण दोन वर्षं झाली.”

“दोन वर्षं काय केलं हिने?” थोरल्याला जोर चढला. “बस डेपोत जाऊन ड्रायव्हरांशी गप्पा. इस्पितळाच्या कँटीनमध्ये गप्पा. बेकरीच्या मागच्या दाराशी, वॉचमनच्या खोलीत, नुसत्या गप्पा! एवढी गप्पिष्ट विक्री जगात कुणी केली नसेल.”

“मी विकत नव्हतेच,” चिमणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि नानांना तेच जास्त टोचलं. “मी विचारत होते, दिवसा झोप कशी लागते. लोक हसायचे. म्हणायचे, रात्रपाळी म्हटली की झोपेचे हाल आलेच. त्यांना वाटतं हे नशिबातच आहे. यावर इलाज असतो हेच ठाऊक नाही, मग ते इलाज मागणार कसा? आधी दुखण्याला नाव लागतं. मी त्याला दिवसझोप म्हणायला लागले. आता डेपोचा मॅनेजर म्हणतो, अमक्याची दिवसझोप झालेली नाही, त्याला लांबची गाडी देऊ नका. मी त्याला भेटलेसुद्धा नाहीये. ड्रायव्हरांनी शिकवला त्याला तो शब्द.”

“शब्दाने चूल पेटत नाही,” थोरला म्हणाला.

“भावजी, तुम्ही बोला,” माई नानांकडे वळल्या. “दुकानं तुम्ही फिरता. खरं काय ते सांगा. तिला बरं वाटावं म्हणून नको आणि याला बरं वाटावं म्हणूनही नको.”

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “खरं सांगू का वहिनी? एकदा ज्याला कळलं तो घेतो. आणि आणखी दोघांना पाठवतो. असं गिऱ्हाईक मी पडद्यांना कधी पाहिलं नाही. पण दुकानदाराला कळत नाही ते ठेवायचं कुठे. पडद्यांत ठेवलं तर लोक म्हणतात महाग, गाद्यांत ठेवलं तर म्हणतात यावर झोपायचं कसं. शेवटी ते जातं काउंटरखाली. काउंटरखालचा माल कोण विकत घेणार? मी समजावतो, दहा जणांत नऊ जण ऐकून घेतात आणि साधे पडदे घेऊन जातात. माझी जीभ झिजली आता. कंपनीचा साहेब भेटला, त्याने स्वतःहून विचारलं, तेव्हा मला वाटलं सुटलो.”

“नाना, तुम्हीसुद्धा?” चिमणी म्हणाली. एवढंच. नाना टेबलावरच्या खडूच्या रेषा बघत राहिले.

“आणि चोरी व्हायची भीती वेगळीच,” ते स्वतःला सावरत म्हणाले. “आमच्या बाबांचं काय झालं आठवा. लोक कापड घेऊन शिंप्याकडे जायचे त्या काळात बाबांनी तयार पडदे काढले. खिडकीचं माप सांगा, पडदा घेऊन जा. सगळे हसले. आणि जरा जम बसतोय तर समोरच्याने तेच काढलं, मग त्याच्या मेव्हण्याने. मी शाळेत होतो. बाबा जेवायला बसले की एक शब्द बोलायचे नाहीत. त्यापेक्षा आधीच मोठ्याच्या आडोशाला गेलेलं बरं.”

आता दोन मतं करारासाठी, एक विरुद्ध, माई अध्येमध्ये, आणि आप्पा उरले होते. ते मागच्या शिलाई मशीनच्या रांगेकडे बघत होते. रविवार म्हणून मशीनवर चादरी टाकलेल्या होत्या.

“पडद्यांची कामं निम्म्यावर आलीत,” आप्पा म्हणाले. “मला एकाही बाईला सांगायचं नाहीये की उद्यापासून येऊ नका. ह्यातल्या काही जणी आपल्या आईच्या वेळेपासून आहेत. चिमणे, तुझं चुकतंय असं नाही म्हणत मी.”

“पण.”

“पण.”

माईंनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, ह्याचंच नानांना वाईट वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मान खाली घालून नखाने टेबलाची कड खरवडत बसली. आप्पांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढून टेबलावर ठेवलं, आणि कात्री बाजूला केली.

नानांना वाटलं होतं की या क्षणी छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही.

आणि त्यांचा फोन वाजला.

“घेऊ नका, नाना,” थोरला म्हणाला.

“गालिचेवाला आहे,” नाना म्हणाले. बाजारातला सगळ्यात मोठा दुकानदार. गालिचे, गाद्या, पडदे, सगळं ठेवायचा. रविवारी तो कधी फोन करत नसे. नानांनी फोन कानाला लावला आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

“हो. हो. कुणाचं म्हणालात? ...कधी? ...नाही नाही, मला कल्पना नाही.”

फोन ठेवून त्यांनी आप्पांचा पेन धरलेला हात अडवला. मग म्हणाले, “आप्पा, जरा थांब. सही करू नकोस.”

“काय झालं?”

“त्यांचं आलंय. ह्याच कंपनीचं. आपल्यासारखंच खोकं, आज सकाळी दुकानात लागलंय. गालिचेवाला विचारतोय, तुम्ही विकलंत का त्यांना.” नानांनी कपाळावर हात घासला. “साहेबाने नमुना मागितला होता. बघायला. खोकं मीच दिलं त्याला.”

थोरला उठून उभा राहिला. “अख्खं खोकं? पट्टी, टोपी, पाटी सगळं? नाना, लहान मूल तरी असं...”

“आवाज खाली,” माई इतक्या कडक बोलल्या की थोरला जागीच थबकला. “करार करा, करार करा म्हणून महिनाभर घर कोणी डोक्यावर घेतलं होतं? नमुना दिल्याशिवाय करार होतो का कुठे? आता भावजींच्या अंगावर येऊ नकोस.”

“पण आई, म्हणजे एकीकडे आपल्याशी करार आणि दुसरीकडे...”

“म्हणजे सही झाली असती,” आप्पा सावकाश म्हणाले, “तर आपलं कायमचं बंद, आणि त्यांचं एकट्याचं दुकानात.” त्यांनी हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग टोपण शोधून ते घट्ट लावलं आणि पेन खिशात टाकलं. “देवाने फोन केला रे. गालिचेवाल्याच्या आवाजात.”

पण नानांना कशाचंच बरं वाटत नव्हतं. त्यांना फक्त ते जेवणाचं ताट दिसत होतं, आणि पलीकडे न बोलता घास घेणारे बाबा. पुन्हा तेच झालं होतं, आणि या वेळी दार आतून उघडून देणारे ते स्वतः होते. चिमणीकडे बघायचा त्यांना धीर होईना.

चिमणीनेच विचारलं, “नाना, त्यांनी खोक्यावर काय लिहिलंय?”

“म्हणजे?”

“जाड पडदा लिहिलंय का?”

“ते नाही विचारलं.”

“विचारा ना. आत्ता.”

नानांनी फोन लावला. गालिचेवाला जोरात बोलायचा. फोनमधून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “पडदा कुठला हो! मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘दिवसझोप’. वर रॅकवर बोर्डसुद्धा त्यांनीच लावून दिलाय. दिवसझोपेसाठी सर्व काही, असा.”

चिमणी स्टुलावर बसल्या बसल्याच पुढे वाकली. दोन्ही हात तोंडावर. नाना घाबरून तिच्याकडे धावले, माई पाणी आणायला वळल्या, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की पोरगी हसतेय. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“डोक्यावर परिणाम झाला,” थोरला म्हणाला. “शब्द पण चोरला की त्यांनी तुझा!”

“चोरू दे! तो शब्द विकायला नव्हताच रे, दादा. वापरायलाच होता. आपलं नाव रात्रखोली. दिवसझोप म्हणजे, म्हणजे जसा साबण. साबण हा शब्द कुणा एकाचा असतो का? पण साबण नावाची काही वस्तू असते हे आधी लोकांना कळावं लागतं. मी एकटी सांगत होते तेव्हा मी वेडी होते. आता एवढी मोठी कंपनी बोर्ड लावून सांगतेय. आपल्या पैशाने नाही, त्यांच्या पैशाने! मला दोन वर्षं भीती होती की हे फक्त माझ्याच डोक्यात आहे. रोज रात्री भीती वाटायची, आई.”

माई तिला जवळ घेऊन उभ्या राहिल्या. इतके दिवस ही पोरगी घाबरलेली होती आणि आपल्या कुणाच्या लक्षात आलं नाही, हे नानांच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं.

“म्हणजे त्यांनी नक्कल केली हे चांगलं झालं?” थोरल्याने विचारलं. तो खरंच विचारत होता.

उत्तर आप्पांनी दिलं. “नाना, तू लहान होतास तेव्हा. बाबा जेवताना बोलायचे नाहीत ते बरोबर. पण का, ते तुला कुणी सांगितलं नाही. समोरच्याने तयार पडदे काढले ना, त्या वर्षी लोकांनी शिंप्याकडे जाणंच सोडलं. सगळी गर्दी आपल्या रस्त्यावर. आई आणि मी पहाटेपासून मशीनवर असायचो. बाबा दमून जायचे रे. घास हातात धरून त्यांना झोप लागायची. दुसरी खोली त्याच वर्षी बांधली आपण, जिच्यात तू आज झोपतोस.”

नाना बघतच राहिले. एवढी वर्षं एक दुःख त्यांनी मनात जपून ठेवलं होतं, आणि ते दुःख नव्हतंच. नुसता थकवा होता. त्यांना एकदम मोकळं हसू आलं, आणि हसता हसता खोकला.

त्याच वेळी कारखान्याच्या मागच्या छोट्या खोलीचं दार उघडलं आणि नर्सबाई डोळे चोळत बाहेर आल्या. सकाळी घरी पाहुण्यांचा गलका होता म्हणून त्या रात्रपाळीवरून थेट इथे येऊन झोपल्या होत्या. चिमणीने नमुन्यासाठी केलेली खोली होती ती. त्यांनी एकेकाकडे बघितलं: सासूबाई रडवेल्या, नणंद हसतेय, नाना खोकतायत, नवरा उभा.

“काय झालं? सगळे इथे कसे?”

“काय झालं म्हणजे?” थोरला म्हणाला. “आम्ही तासभर ओरडतोय इथे! तुला काही ऐकूच आलं नाही?”

“नाही बुवा,” नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांना मोठी जांभई आली. “छान झोप झाली.”

आप्पांना एवढं हसू फुटलं की त्यांना टेबल धरावं लागलं. थोरला हसला नाही. तो बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पूर्वी कशी होती ते बहुतेक त्याला आठवत असावं. जरा वेळाने त्याने करार उचलला, दुमडला आणि नानांच्या हातात दिला. “तुमच्या साहेबाला परत द्या. मीही येतो हवं तर.”

“आधी दुकानात चला,” चिमणी म्हणाली.

माल पोचवायच्या टेम्पोतून सगळे निघाले. पुढे आप्पा आणि माई, मागे खोक्यांच्या चळतीवर बाकीचे. नर्सबाईंना सगळी हकिकत वाटेत सांगून झाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला आधी त्यांचं उघडून बघू दे. हसा नंतर.”

गालिचेवाल्याचं दुकान रविवारी भरलेलं असतं. आत शिरल्यावर उजवीकडे, जिथे आधी पायपुसण्यांचा ढीग असायचा, तिथे नवी लोखंडी रॅक उभी होती. वर निळा बोर्ड. रॅकच्या वरच्या दोन फळ्यांवर कंपनीची खोकी, खालच्या दोन रिकाम्या. नाना त्या रिकाम्या फळ्यांकडे बघत उभे राहिले. या दुकानात ते तरुणपणापासून येत होते. इथे त्यांना खुर्ची मिळाली होती, चहा मिळाला होता. पण पुतणीच्या वस्तूसाठी वीतभर जागा मिळवता आली नव्हती.

नर्सबाईंनी एक खोकं घेतलं आणि काउंटरवर उघडलं. पडदा उजेडासमोर धरला. बोटांनी चाचपला. दाराची पट्टी दाबून बघितली. “उजेड अडवेल,” त्या म्हणाल्या. “आवाज नाही अडवणार, मध्ये काही भरलेलंच नाही. घंटीचं काही नाही. आणि पाटी?” त्यांनी खोकं उलटं केलं. “पाटी नाही. दारावर येणाऱ्या माणसाला कोण सांगणार?” त्यांनी सगळं नीट घडी करून परत भरलं. “काही नसण्यापेक्षा बरं आहे. ज्यांच्याकडे शांत गल्ली आहे त्यांनी घ्यावं.”

“बाई, तुम्ही माझ्या दुकानात उभ्या राहाल का?” गालिचेवाला म्हणाला. मग नानांकडे वळला. “अहो, सकाळपासून तिघं जण विचारून गेले. तिघांना मी म्हटलं, मूळचं आमच्या नानांचं येतंय, थांबा. आणि नाना, माझ्यावर राग धरू नका. तुमचं ते काउंटरखाली ठेवत होतो कारण मला रॅकच माहीत नव्हती. आता रॅक आहे. त्यांचा माणूस म्हणत होता चारही फळ्या आम्हाला द्या. म्हटलं, बाबा रे, एकाच कंपनीचा माल असला की गिऱ्हाईकाला वाटतं दुकानदार फसवतोय. दोन ठेवल्या की तो निवडतो. खाली तुमचं लावा. खाली म्हणजे डोळ्यांसमोर, वर बघायला मान कोण वर करतंय.”

थोरला आणि चिमणी खोकी आणायला पळाले. दोघं एक एक चळत धरून आत येताना काहीतरी बोलत होते आणि थोरला म्हणत होता, “डेपोत मी पण येतो एकदा. आमच्या ट्रकवाल्यांचं काय? ते कुठे झोपतात, विचारलंयस का कधी?” चिमणी जागच्या जागी थांबली. “केबिनमध्ये,” ती म्हणाली. “दादा, केबिनमध्ये!” मग दोघंही चळत हातात धरून वाटेतच उभी राहिली आणि मागचं गिऱ्हाईक “जरा सरकता का” म्हणालं.

आप्पा खाली वाकून फळीवर खोकी मांडत होते. माईंनी एकदा मांडणी बिघडवली आणि स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लावली. आप्पांनी पुढचं खोकं त्यांच्याच हातात दिलं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि तो तिथे छान बसला होता.

नाना मात्र रॅकशेजारी रेंगाळले. हातांना काही काम नव्हतं. तेवढ्यात एक नवरा-बायको आत आले. नवऱ्याच्या अंगावर बसवाल्यांचा खाकी शर्ट, वरची दोन बटणं उघडी, डोळे लाल. बायकोने दुकानभर नजर फिरवली, निळा बोर्ड पाहिला आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. “हेच ते. डेपोत सांगत होते ना, दिवसाची रात्र करतात ते.”

नाना पुढे झाले. सवयीने त्यांनी घसा खाकरला. तीन थरांचं कापड, मध्ये आवाज अडवणारा लोकरीचा जाड नमदा, घंटीची टोपी, रात्रपाळीच्या माणसाचे हाल, सगळं ओठांवर येऊन उभं राहिलं. पण ती दोघं त्यांच्याकडे अशी बघत होती की आता फक्त किती वेळ लागेल एवढंच विचारायचं बाकी आहे. कुणालाही काही समजावून घ्यायचं नव्हतं. वस्तूचं नाव त्यांनी चुकीचं घेतलं होतं, आणि त्याने काही बिघडत नव्हतं.

नानांनी शर्टाच्या खिशातून मोजपट्टी काढली.

“खिडकी केवढी आहे?” त्यांनी विचारलं.